चिंगीचे दात, आयेचा उपास

ज्या वर्षी आमच्या मोरूचं लग्न फाल्गुनात करायचं ठरलं आणि वैशाखात लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मोरू म्हणजे माझा धाकटा दीर. लग्नाला पंधरवडा राहिला होता. बंदरावर त्या सकाळी मांदेली उदंड आली होती आणि मी पाटीशी बसून शाळेतल्या बाईंना वाटा लावून देत होते. तेवढ्यात चिंगी आली.

चिंगी ही माझ्या सासूची, आयेची मांजर. पिवळ्या अंगाची, जेमतेम दीड वर्षाची. पुढचे दोन पाय पाटीच्या काठावर ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. मी एक मांदेली तिच्यापुढे टाकली. तिने ती झडप घालून उचलली, एकदा चावली, आणि अशी किंचाळली की बाईंच्या हातातली पिशवी पडली. मासा टाकून ती स्वतःच्या तोंडावर पंजे मारत गोल फिरली, शेजारच्या कोळंबीच्या पाटीतून उडाली आणि वाळत घातलेल्या जाळ्यांत दिसेनाशी झाली.

बाईंनी घेतलेला वाटा परत पाटीत ठेवला.

"गोमती, मांजर तोंड लावत नाही ती मासळी मी घरी नेऊ?"

"बाई, आत्ता होडीतून उतरली. डोळे बघा तिचे."

"मांजराला जास्त कळतं."

आये पलीकडच्या पाटीवर बसली होती. ती मान न वळवता म्हणाली, "बाई, मासळी खराब नाही, मांजराचं तोंड खराब आहे. घेऊन जा. शिळी निघाली तर उद्या माझ्या डोक्यावर आणून ओता."

बाईंनी वाटा नेला, पण मागची दोन गिऱ्हाइकं निघून गेली. दुपारपर्यंत बंदरभर झालं की धाकूआयेची मांजर सुनेच्या पाटीतली मासळी खात नाही. आमची मासळी मांजराच्या नाकाने विकली जाते हे मला तेव्हा कळलं.

चिंगीचं हे नवीन नव्हतं. ती सहा महिन्यांची झाली तेव्हापासून तिच्या हिरड्या सुजायच्या. तोंडातून लाळ गळायची, वास यायचा. अंग चाटून काढणं बंद झाल्यामुळे तिचे केस दोरखंडासारखे वळले होते. गावातला गुरांना टोचणारा माणूस इंजेक्शन देऊन जायचा. मग महिनाभर ती बरी असायची, उंदीरसुद्धा धरायची. महिना सरला की पुन्हा तेच. भूक लागायची, धावत यायची, वास घ्यायची, चावायची आणि ओरडून पळायची. मासा आपल्याला चावतो असंच त्या बिचारीला वाटत असणार.

आयेचा तिच्यावर भारी जीव. चिंगीची आई तिला सातव्या घरी म्हणून आमच्याकडे आणून ठेवून गेली ती परत आलीच नाही. तेव्हा आयेने कापसाच्या वातीने दूध पाजून तिला जगवली. म्हणून संक्रांतीनंतर चिंगीचं खाणं पार सुटलं, तेव्हा आयेने एक दिवस जाहीर केलं, "गावदेवीला बोलले आहे. चिंगी मासा खाईल त्या दिवशी मी मासा खाईन. तोवर माझी पेज."

आम्ही हसलो. कोळ्याच्या घरात मासा सोडणं म्हणजे काय ते कोळ्यालाच कळेल. मला वाटलं, चार दिवसांत बांगड्याचा वास येईल आणि देवी समजून घेईल. पण म्हातारी हटली नाही. सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री पेज. तीही गार करून, मिठाचा कण न घालता.

"मीठ तरी घाल गो आये. देवीने मीठ कधी मागितलं?"

"चिंगीला मीठ झोंबतं. तिला नाही ते मला नाही."

चिंगीच्या पेजेची तर तिने मला शिकवणीच दिली. मांदेली मिठाशिवाय उकडायची, काटा न काटा काढायचा, बोटांनी लोण्यासारखी करायची, पेजेत कालवायची. पेज निवलेली हवी, पण अगदी थंड नको, थंडीने ठणका लागतो. वाटीत द्यायची नाही, बोटावर घेऊन जिभेच्या मधोमध लावायची, गालाला लागू द्यायची नाही. मी तसं करायचे आणि चिंगी दोन-चार बोटं चाटायची. सगळं बरोबर जमायचं. म्हातारीला हे कोणी सांगितलं, असं मी तिला एकदाही विचारलं नाही.

खरी पंचाईत मोरूची झाली. आमच्या घरात नवी सून आली की वरातीनंतर सासू आणि सून एका ताटात जेवतात. सासू मासळीचा घास मोडून सुनेला भरवते, सून सासूला भरवते. तो घास पोटात गेला की सून घरची झाली, मग पुढे कितीही भांडा. माझ्या वेळी आयेने भरवलेल्या सुरमईत काटा निघाला होता आणि मी तो मुकाट्याने गिळला होता. आता रेवतीच्या, म्हणजे मोरूच्या होणाऱ्या बायकोच्या घरचे लोक पलीकडच्या बंदरातले, नाकावर राग. सासूने घास घेतला नाही असं झालं असतं तर पोरीला तशीच परत घेऊन गेले असते.

"आये, एक घास," मोरू रोज म्हणायचा. "देवीला मी नारळ देतो."

"चिंगी खाईल तर मी खाईन."

"मांजराच्या दातांपायी माझं लग्न अडवणार तू?"

"मग मांजराचे दात बरे कर. नुसता केस कापून हिंडतोस."

मोरूने ते मनावर घेतलं. लिलावाला येणाऱ्या दहा माणसांना विचारून त्याने शोध लावला की तालुक्याच्या गावी गुरांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आली आहे आणि तिने कुणा वकिलाच्या कुत्र्याचे दात काढले आहेत. ही बातमी घेऊन तो धावत घरी आला, ती दुपार मी विसरणार नाही.

कारण त्याच दुपारी आयेने आपलं औषध केलं होतं. तिच्या कमरेला मशेरीची, भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची डबी असायची. आमच्यात कुठल्या बाईच्या नव्हती? दात दुखो, डोकं दुखो, आधी मशेरी. त्या दिवसांत तर आयेचं बोट तोंडातून निघतच नव्हतं. तिने चिंगीला पदरात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि तिच्या हिरड्यांवर मशेरी चोळली.

"असं लावलं की बधीर होतं," ती मला म्हणाली. "मला ठाऊक आहे."

चिंगीने आधी मान झटकली. मग तिच्या तोंडातून फेस आला. ती मांडीवरून उतरली, दोन पावलं तिरकी गेली आणि चारी पाय पसरून पडली. पोट भात्यासारखं हलत होतं.

आयेने डबी उचलली आणि मागच्या दारातून खाडीत भिरकावली. तेवढ्यात मोरू आला.

"डॉक्टरीण सापडली," तो म्हणाला आणि खाली बघून थांबला.

"मग बघतोस काय," आये म्हणाली. "पाटी आण."

एका पाटीत चिंगी, वर दुसरी पाटी उपडी, भोवती सुतळी. तसेच आम्ही तिघं एसटीच्या थांब्यावर धावलो. गाडी सुटतच होती. मोरू पुढे आडवा झाला म्हणून थांबली. कंडक्टरने पाटी बघून नाक मुरडलं.

"मासळी टपावर टाका."

"मासळी नाही, मांजर आहे," मोरू म्हणाला.

"माशांच्या पाटीत मांजर?"

"हो."

"मग मासे कुठे गेले?"

"तेच तर डॉक्टरला विचारायला चाललोय," आये म्हणाली. "हिच्या पोटात काही ते जात नाहीत."

गाडी हसली. आये हसली नाही. सगळी वाट ती पाटीच्या फटीतून बोट घालून बसली होती आणि दर वळणाला सांगत होती, "आहे. गरम आहे."

दवाखान्यावरची पाटी तेव्हा मला वाचता येत नव्हती. बाहेर दोन म्हशी बांधलेल्या दिसल्या म्हणून आत शिरलो. डॉक्टर आंबर्डेकर मोरूच्याच वयाची, बारीक चणीची. चिंगीला बघताच तिने काय घातलं पोटात ते विचारलं. मशेरी ऐकून तिने कपाळाला हात लावला नाही की आम्हाला बोलली नाही. इंजेक्शन दिलं, तोंड धुतलं, पायाला सलाईन लावलं. अर्ध्या तासाने चिंगीने मान उचलली आणि डॉक्टरीणबाईंच्या बोटावर पंजा मारला.

"छान," त्या म्हणाल्या. "ओरबाडतेय म्हणजे जगते. आता तोंड बघू."

दिव्याखाली त्यांनी चिंगीचा जबडा उघडला. आम्ही तिघं वाकलो. आत डाळिंब फोडल्यासारखं लाल.

"एवढ्याशा मांजराचे दात किडतात?" मोरूने विचारलं.

"किडले नाहीत. काही मांजरांच्या अंगाला त्यांचे स्वतःचेच दात सोसत नाहीत. दाताभोवती हिरडी पेटते. इंजेक्शनने थोडे दिवस शांत होते, पुन्हा पेटते. मागचे सगळे दात काढले तर बरीचशी मांजरं सुधारतात. सगळीच सुधारतात असं मी म्हणणार नाही."

"दातांशिवाय खाईल काय?"

"मांजर चावतं कमी, गिळतं जास्त. पण भूल द्यावी लागेल, आणि ही अशक्त आहे. भुलीतून न उठणारीही असतात."

मोरू माझ्या कानाशी लागला. "वयनी, आपल्या हातून मेली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते."

आयेने ते ऐकलं. "आणि उपाशी मेली तर काय लोखंडाची वाहायची? काढा हो बाई दात." मग ती टेबलाजवळ सरकली. "हिला गिळताना दुखतं, का चावताना?"

"दोन्ही वेळा."

"पाणीसुद्धा झोंबत असेल."

"असेल. म्हणून तर पाण्यापाशी जाऊन परत येते."

"आणि कानाच्या मागे ठणका. पहाटे जास्त. त्या बाजूवर निजवत नाही."

डॉक्टरीणबाईंनी चिंगीचा जबडा सोडला.

"आजी, हे मांजर सांगत नाही कुणाला. तुम्हाला कसं ठाऊक?"

आये चिंगीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"जेवता काय तुम्ही?"

"पेज," मोरू म्हणाला. "उपास धरलाय मांजरासाठी. संक्रांतीपासून. मीठसुद्धा नाही."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले, दिवा वळवला. "तोंड उघडा बघू, आजी."

"मी काय मांजर आहे?"

"मांजर असतात तर आतापर्यंत मी उघडलंच असतं."

आयेने माझ्याकडे बघितलं, मोरूकडे बघितलं, आणि तोंड उघडलं. तिच्या हातचं मी लग्न झाल्यापासून खाल्लं होतं, तिच्या तोंडच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. पण तिच्या तोंडात मी कधी पाहिलं नव्हतं. डाव्या गालाला आतून चिंचोक्याएवढी जखम होती, कडा पांढऱ्या, मधे लाल. चिंगीच्या हिरडीसारखीच लाल.

"किती दिवस झाले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दिवाळीत जिभेला लागली पहिल्यांदा. लग्न झालं की सांगणार होते. लग्नघरात दुखणं काढलं की मांडव पुढे जातो."

"म्हणजे उपास," मी म्हणाले.

"उपास कसला. खाववत नव्हतं. रोज काय कारण सांगणार? चिंगी खाईना, मग मीही तिच्या आडोशाला बसले."

"आणि चिंगी बरी झाली असती तर?"

"तर दुसरं काही शोधलं असतं."

मोरूचा आवाज चिरकला. "माझ्या बायकोचा घास का नको म्हणत होतीस मग?"

"अरे मेल्या, मसाल्याचा घास तोंडात घेतला असता तर चिंगीसारखी किंचाळले असते. मांडवभर लोकांसमोर पोरीने काय समजायचं? सासूने तिचा घास थुंकला म्हणून? त्यापेक्षा सासू हट्टी आहे म्हटलेलं बरं. हट्टी सासू सगळ्यांनाच असते."

डॉक्टरीणबाईंनी चिंगीला पिंजऱ्यात ठेवलं, दाराला कडी घातली आणि आयेचा हात धरला.

"मी जनावरांची डॉक्टर. हे माझं काम नाही. पण समोर माणसांचा दवाखाना आहे आणि तिथले सर्जन माझ्या ओळखीचे आहेत. चला, मी येते बरोबर."

"आज राहू दे. चिंगीचं होऊ दे आधी."

"चिंगीचं मी उद्या करते. तुमचं आज."

पुढचे दोन दिवस मी त्या दोन दवाखान्यांमधला रस्ता तुडवत होते. इकडे चिंगी भुलीत, तिकडे आयेच्या गालातला तुकडा तपासायला काढलेला. इकडे डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "अजून उठली नाही." तिकडे गेलं की आये बोळा धरलेल्या तोंडाने हातवारे करून विचारायची, उठली का? मी म्हणायचे, "उठेल." परत धावायचे. मोरू पिंजऱ्याला चिकटून बसला होता. तिसऱ्या खेपेला मी रस्ता ओलांडत होते, तेव्हा तो दारातून दोन्ही हात उंच करून आला. माझ्यामागून एक बैलगाडी येत होती, तिलाच त्याने सांगितलं, "उठली. उठली."

मागचे सगळे दात गेले होते. पुढचे चार सुळे तेवढे ठेवले होते, दिसायला वाघीण दिसावी म्हणून, असं मोरू म्हणायचा.

आयेचा तुकडा तपासून आला. दुखणं वाईट होतं, पण लहान होतं, लवकर हाती लागलं होतं. मशेरीची देणगी, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. माझे मालक, मोरूचे थोरले भाऊ, होडी नांगरून आयेला घेऊन मुंबईला गेले. तिथे तिच्या गालाचं ऑपरेशन झालं आणि खाणं नाकातल्या नळीतून सुरू झालं. माझीही डबी त्या दिवशी खाडीत गेली.

लग्न पुढे ढकललं. रेवतीच्या बापाच्या कानावर गोष्ट गेली ती अशी की मांजराचे दात पाडले म्हणून नवऱ्याकडचे लोक मुहूर्त मोडतात. तो तणतणत आला. मोरूने त्याला सगळं सांगितलं तरी तो म्हणे, म्हातारी तिकडे बरी होईल, आपण इकडे अक्षता टाकून घेऊ. दुसऱ्या दिवशी रेवतीचा निरोप आला. "मला सासूबरोबर एका ताटात बसायचं आहे. सासू ताटावर येईल तेव्हा मी मांडवात येईन." निरोप ऐकून मी मोरूला म्हणाले, "हट्टी मिळाली रे. आयेच्या जोडीची."

इकडे चिंगी काही खाईना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जखमा भरायला वेळ लागतो, धीर धरा. मोरू सकाळ-संध्याकाळ औषधाच्या पाण्यात कापड बुडवून तिचं तोंड पुसायचा, मी बोटावर पेज चाटवायचे. ती चाटायची आणि जाळ्यांत जाऊन बसायची. मुंबईहून रोज विचारणा, चिंगीने खाल्लं का? रोज एकच उत्तर. मला वाटायला लागलं, देवीने म्हातारीचा खोटा उपास खरा करून घेतला की काय. मांजर खाईना आणि म्हातारी नळीवर.

मग एका सकाळी मी बंदरावर वाटे लावत होते. शाळेतल्या बाई समोर उभ्या होत्या. चिंगी आली. पुढचे पाय पाटीच्या काठावर. मी तिला उकडलेली, कुस्करलेली वाटी दाखवली. तिने वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाटीत तोंड घातलं आणि सगळ्यात वरची, ओली, अख्खी मांदेली उचलली. बाईंनी पिशवी छातीशी धरली. चिंगीने मान तिरकी केली, मासा एका बाजूने हिरड्यांवर दाबला, मान झटकली, पुन्हा दाबला. ओरडली नाही. पिवळं शेपूट तेवढं ओठाबाहेर राहिलं, मग तेही आत गेलं. तिने जीभ फिरवली आणि दुसरी उचलली.

"दोन वाटे दे गं," बाई म्हणाल्या.

"तुमच्या हाताने घ्या बाई," मी म्हणाले आणि पदर खोचून पळाले. फोनचं दुकान चढावर होतं. मुंबईला आमची मंडळी भावकीत उतरली होती, तिथे फोन होता. माझे मालक फोनवर आले तेव्हा मला धाप लागली होती.

"काय झालं? कोण गेलं?" ते घाबरून म्हणाले.

"मांदेली गेली. चिंगीच्या पोटात. दोन."

त्यांनी नंतर सांगितलं, आयेला अजून बोलता येत नव्हतं. निरोप ऐकून तिने दोन्ही हातांनी खाटेवर अशा थापट्या मारल्या की नर्स धावत आली. संध्याकाळी नळी काढून पहिली पेज दिली, ती तिने वाटी धरून स्वतः प्यायली.

वैशाखात लग्न लागलं. वरात दारात आली, रेवती उंबरा ओलांडून आत आली, आणि मी ताट मांडलं. आयेचा डावा गाल आत ओढला गेला होता, बोलणं बोबडं झालं होतं. रेवतीच्या बापासकट सगळे ताटाकडे वाकून बघत होते. ताटात ना रस्सा होता ना तळलेली तुकडी. निवलेली पेज होती, आणि मिठाशिवाय उकडून लोण्यासारखी कुस्करलेली मांदेली.

"हे काय वाढलंस गोमे?" आये माझ्यावर डाफरली. "मांजराचं जेवण. ही पोर काय खाणार?"

"मांजर खातं तर मी खाईन," रेवती म्हणाली.

मंडपात कोणीतरी हसलं. मोरूने मान खाली घातली. आयेने घास केला, रेवतीला भरवला. रेवतीने बोटावर पेज घेतली, वर मांदेली, आणि आयेच्या जिभेच्या बरोबर मधोमध ठेवली, गालाला न लावता. तसंच भरवायचं हे मीच तिला दुपारी तिच्या घरच्या न्हाणीपाशी सांगितलं होतं. आयेने डोळे मिटले. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे बघत होतो. घास खाली गेला. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

चिंगी ताटाच्या कडेने आली आणि उरलेलं चाटून गेली.

चिंगीच्या हिरड्या पुढेही वर्षातून एक-दोनदा धरायच्या. मग डॉक्टरीणबाईंकडे फेरी व्हायची, त्याच पाटीतून. चिंगी मोरूच्या लग्नानंतर दहा वर्षांनी गौरी-गणपतीत वारली. तिला माडाखाली पुरली. आये वारली ती मोरूच्या थोरल्या मुलीच्या दहावीच्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, झोपेत. आदल्या दिवशी दुपारी तिने दोन मांदेल्या खाल्ल्या होत्या. तोंडाचं दुखणं परत आलं नव्हतं.